प्लगइनचे फोल्डर आणि वापरकर्त्याच्या परवानग्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्लगइन, म्हणजे सॉफ्टवेअरला नवी सोय जोडणारा छोटा प्रोग्राम, इन्स्टॉल केले, पण ते दिसत नाही किंवा परवानगी नाकारली जाते, ही तक्रार सामायिक संगणकांवर सर्वांत जास्त येते. महाविद्यालयाची प्रयोगशाळा, डीटीपीचे केंद्र किंवा नकाशाकाम करणारे कार्यालय अशा ठिकाणी एकाच यंत्रावर अनेकांची खाती असतात आणि बहुतेकांकडे ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार नसतात. खालील उत्तरे मुख्यतः विंडोज १० आणि ११ साठी असून मॅक आणि लिनक्सवरील फरक पुढे स्वतंत्र दिले आहेत. उदाहरणे गिम्प (चित्रसंपादन), लिबरऑफिस (कार्यालयीन कामे) आणि क्यूजीआयएस (नकाशाकाम) या मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरची आहेत. फोल्डरांची आणि आज्ञांची नावे येथे देवनागरीत लिहिली आहेत. संगणकावर ती रोमन अक्षरांतच टाइप करावीत.

प्लगइन नेमके कोणत्या फोल्डरात ठेवायचे असते?

बहुतेक सॉफ्टवेअर प्लगइन दोन ठिकाणी शोधते. पहिले ठिकाण वापरकर्त्याचे स्वतःचे असते. तेथे लिहिण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, पण तेथे ठेवलेले प्लगइन फक्त त्याच खात्याला दिसते. दुसरे ठिकाण संपूर्ण यंत्राचे असते. ते सर्वांना दिसते, मात्र तेथे केवळ ॲडमिनिस्ट्रेटरला लिहिता येते. आपल्याला यांपैकी कोणते ठिकाण हवे आहे, हे इन्स्टॉल करण्याआधी ठरवले तर पुढचे निम्मे प्रश्न उद्भवतच नाहीत.

गिम्प ३.० चे वैयक्तिक ठिकाण सी ड्राइव्ह → यूजर्स → आपले खाते → ॲपडेटा → रोमिंग → गिम्प → ३.० → प्लग-इन्स असे आहे. क्यूजीआयएस ३ साठी त्याच रोमिंग फोल्डरात क्यूजीआयएस → क्यूजीआयएस३ → प्रोफाइल्स → डिफॉल्ट → पायथन → प्लगइन्स असा मार्ग आहे. लिबरऑफिसचे वैयक्तिक प्रोफाइल रोमिंगमध्येच लिबरऑफिस → ४ → यूजर येथे असते. त्यातील ४ हा आकडा सॉफ्टवेअरची आवृत्ती कितीही नवी असली तरी तसाच राहतो, त्यामुळे जुनाच फोल्डर उघडला आहे असे समजून तो पुसू नये.

काही प्लगइनना मात्र ठरलेली जागाच लागते. ध्वनिसंपादनातील व्हीएसटी३ प्रकारची प्लगइन विंडोजवर प्रोग्राम फाइल्स → कॉमन फाइल्स → व्हीएसटी३ येथे जाणे अपेक्षित असते आणि ही जागा यंत्राच्या पातळीवरची असल्याने तेथे ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागतेच.

ॲपडेटा नावाचा फोल्डर मला दिसतच नाही. तो कोठे आहे?

तो लपवलेला असतो. विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून रन ही चौकट उघडावी, तेथे दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ॲपडेटा हा शब्द रोमनमध्ये लिहून एंटर दाबावे; थेट रोमिंग फोल्डर उघडतो. क्यूजीआयएसमध्ये तेवढेही करावे लागत नाही, कारण सेटिंग्ज मेनूतील यूजर प्रोफाइल्समध्ये सध्याच्या प्रोफाइलचा फोल्डर उघडण्याची सोय आहे. गिम्पमध्ये एडिट → प्रेफरन्सेस → फोल्डर्स → प्लग-इन्स येथे शोधले जाणारे सगळे मार्ग दिसतात. मार्ग पाठ करण्यापेक्षा सॉफ्टवेअर स्वतः जो मार्ग दाखवते, तोच खरा मानावा.

माझे खाते ॲडमिनिस्ट्रेटरचे आहे, तरीही प्रोग्राम फाइल्समध्ये फाइल टाकताना परवानगी का नाकारली जाते?

विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, ॲडमिनिस्ट्रेटर गटातील खातेदेखील रोजच्या वापरात सामान्य अधिकारांनीच चालते. जादा अधिकार त्या त्या कामापुरते आणि यूझर अकाउंट कंट्रोलच्या चौकटीत होकार दिल्यावरच मिळतात. प्रोग्राम फाइल्समधील फोल्डर सामान्य अधिकारांना वाचता येतात आणि त्यांतील प्रोग्राम चालवताही येतात, पण तेथे लिहिता येत नाही. म्हणून फाइल एक्स्प्लोररमधून चिकटवताना विंडोज होकार मागते आणि आपण तो देऊ शकतो. मात्र सॉफ्टवेअरच्या आतून प्लगइन उतरवण्याचा प्रयत्न केल्यास त्या सॉफ्टवेअरकडे तसा होकार मागण्याची व्यवस्था नसते आणि ते नुसतेच अपयशी ठरते.

जुन्या ३२-बिट प्रोग्रामांच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत होते. ज्या प्रोग्रामने आपल्याला कोणते अधिकार हवेत हे विंडोजला सांगितलेले नसते, त्याने प्रोग्राम फाइल्समध्ये लिहिलेली सेटिंगची किंवा मजकुराची फाइल विंडोज गुपचूप ॲपडेटा → लोकल → व्हर्च्युअलस्टोअर येथे नेऊन ठेवते. प्रोग्रामला वाटते की काम झाले, आणि दुसऱ्या खात्यावरून पाहिले तर त्या फाइलचा पत्ताच नसतो. जुन्या प्रोग्रामची सेटिंग एका खात्यावर दिसते आणि दुसऱ्यावर दिसत नाही, अशी तक्रार असेल तर प्रथम व्हर्च्युअलस्टोअर पाहावे.

मग सॉफ्टवेअर नेहमीच 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून चालवले तर अडचण सुटणार नाही का?

तात्पुरती सुटल्यासारखी वाटते, पण हा उपाय कायमचा करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. प्लगइन हा दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला कोड असतो आणि सॉफ्टवेअर वाढीव अधिकारांनी चालवले की त्यातील प्रत्येक प्लगइनलाही तेच अधिकार मिळतात. चित्रावर सावली काढणाऱ्या प्लगइनला विंडोजच्या फाइल बदलण्याचा अधिकार असण्याचे काहीच कारण नाही.

शिवाय रोजच्या कामातही अडथळे येतात. वाढीव अधिकारांनी चालणाऱ्या प्रोग्रामच्या खिडकीत साध्या एक्स्प्लोररमधून फाइल ओढून सोडता येत नाही आणि कार्यालयातील सर्व्हरचा जोडलेला ड्राइव्ह अशा प्रोग्रामला बहुतेक वेळा दिसत नाही. नकाशांची सगळी माहिती ज्या ड्राइव्हवर ठेवलेली आहे तोच क्यूजीआयएसमधून नाहीसा झाला, म्हणून घाबरून फोन करणाऱ्यांच्या यंत्रावर अनेकदा हेच कारण निघते.

इन्स्टॉलरने पासवर्ड मागितला, ॲडमिनिस्ट्रेटरने येऊन तो टाकला, 'यशस्वी' असा संदेशही आला. तरी माझ्या खात्यावर प्लगइन नाही. असे का?

सामायिक संगणकांवरील हा सर्वांत फसवा प्रकार आहे, म्हणून तो नीट समजून घेणे आवश्यक आहे.

समजा, विद्यार्थ्याचे खाते 'लॅब' या नावाचे आणि सामान्य अधिकारांचे आहे आणि प्रयोगशाळा सहायकाचे खाते 'प्रशासक' या नावाचे आहे. विद्यार्थी 'लॅब' खात्यावर लॉगिन असताना इन्स्टॉलर चालवतो, विंडोज ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागते आणि सहायक 'प्रशासक' खात्याचा पासवर्ड टाकतो. त्या क्षणापासून तो इन्स्टॉलर 'लॅब' म्हणून चालत नाही, तर 'प्रशासक' म्हणून चालतो. पुढे इन्स्टॉलर जेव्हा 'सध्याच्या वापरकर्त्याचा रोमिंग फोल्डर' विचारतो, तेव्हा विंडोज त्याला 'प्रशासक' खात्याचा फोल्डर देते. फाइल तेथे व्यवस्थित उतरते, इन्स्टॉलर खरेच यशस्वी होतो आणि विद्यार्थ्याच्या मेनूत काहीही येत नाही. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोज जेथे सेटिंग साठवते त्या नोंदवहीतील, वापरकर्त्यापुरत्या नोंदीही अशाच चुकीच्या खात्यात जातात.

खात्री करण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरने स्वतःच्या खात्यावर लॉगिन करून आपला रोमिंग फोल्डर तपासावा. प्लगइन बहुधा तेथेच सापडेल. 'लॅब' खात्यावर बसून दुसऱ्याच्या यूजर्स फोल्डरात शिरण्याचा प्रयत्न करू नये. त्या वेळी येणाऱ्या चौकटीत 'कंटिन्यू' दाबून पासवर्ड दिला की विंडोज तेवढ्यापुरते दार उघडून थांबत नाही, तर त्या फोल्डराच्या परवानग्यांमध्ये कायमची नोंद करते.

इन्स्टॉलरमध्ये 'फक्त माझ्यासाठी' असा पर्याय असेल, तर विद्यार्थ्याने आपल्या खात्यावरून पासवर्ड न देता तो निवडावा. इन्स्टॉलर पासवर्डशिवाय पुढे सरकतच नसेल, तर 'सर्व वापरकर्त्यांसाठी' हा पर्याय निवडावा. दोन्ही पर्याय नसतील, तर सहायकाने आपल्या खात्यातील प्लगइनचा फोल्डर सर्वांना वाचता येईल अशा जागी कॉपी करून ठेवावा आणि विद्यार्थ्याने तो तेथून आपल्या रोमिंगमध्ये कॉपी करावा. प्लगइन केवळ फाइलींचे बनलेले असेल, रजिस्ट्रीवर अवलंबून नसेल, तर एवढ्याने काम होते.

फाइल योग्य फोल्डरात आहे, हे मी पाहिले आहे. तरी गिम्पच्या मेनूत प्लगइन का येत नाही?

येथे परवानगीचा संबंध बहुधा नसतो. गिम्प ३.० मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यापासून प्रत्येक प्लगइन स्वतःच्या उपफोल्डरात असणे आणि त्या उपफोल्डराचे नाव मुख्य फाइलच्या नावाशी जुळणे बंधनकारक आहे. सावली.पीवाय ही फाइल असेल, तर ती प्लग-इन्स → सावली → सावली.पीवाय अशीच हवी. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरून झिप उतरवल्यास आतील फोल्डराच्या नावाला 'मेन' किंवा 'मास्टर' असे शेपूट जोडलेले असते, त्यामुळे नाव जुळत नाही आणि गिम्प तो फोल्डर सोडून देते. विंडोजची 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' ही सोय झिपच्याच नावाचा आणखी एक फोल्डर बाहेरून तयार करते, म्हणजे फाइल एक पायरी खाली जाते आणि तीही सापडत नाही. प्लग-इन्स फोल्डर उघडून हे दोन मुद्दे पाहायला अर्धा मिनिट पुरतो.

गिम्प २.१० साठी लिहिलेली पायथन प्लगइन ३.० मध्ये चालत नाहीत. त्यांतील बरीचशी पायथन २ मध्ये आहेत आणि नव्या गिम्पला पायथन ३ लागते. फोल्डर किंवा परवानग्या बदलून यावर उपाय होत नाही, प्लगइनची नवी आवृत्तीच शोधावी लागते. विंडोज फाइलचे एक्स्टेन्शन, म्हणजे नावातील टिंबानंतरचा भाग, लपवत असेल, तर सावली.पीवाय दिसणारी फाइल प्रत्यक्षात सावली.पीवाय.टीएक्सटी असू शकते. ६४-बिट सॉफ्टवेअरमध्ये ३२-बिट डीएलएल (प्लगइनच्या कोडची फाइल) लोड होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

हे सर्व ठीक असूनही प्लगइन येत नसेल, तर गिम्प बंद करून वैयक्तिक गिम्प फोल्डरातील प्लगइनआरसी ही फाइल काढून टाकावी. गिम्प तीत प्लगइनची माहिती साठवून ठेवते आणि ती नसल्यास पुढच्या वेळी सर्व प्लगइन नव्याने तपासते.

प्रयोगशाळेतील सर्व खात्यांना एकच प्लगइन एकदाच कसे देता येईल?

लिबरऑफिससाठी त्याच्या प्रोग्राम फोल्डरात यूएनओपीकेजी नावाची आज्ञा आहे. लिबरऑफिस पूर्णपणे बंद करून, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ॲड या शब्दापुढे दोन आडव्या रेघा जोडून शेअर्ड हा पर्याय दिला आणि एक्स्टेन्शनच्या (लिबरऑफिसमध्ये प्लगइनला हेच नाव आहे) ओएक्सटी फाइलचे नाव लिहिले की ते सर्वांसाठी बसते. मराठी शुद्धलेखन तपासणीचा शब्दकोश प्रत्येक खात्यावर वेगळा बसवत राहण्यापेक्षा हा मार्ग कितीतरी बरा.

क्यूजीआयएसमध्ये सामायिक फोल्डर ठरवून त्याचा मार्ग क्यूजीआयएस-अंडरस्कोर-प्लगइनपाथ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये (प्रोग्राम वाचू शकतात अशा विंडोजच्या नोंदीत) देता येतो. गिम्पसाठी प्रोग्राम फाइल्समधील गिम्प ३ → लिब → गिम्प → ३.० → प्लग-इन्स हा यंत्राच्या पातळीवरील फोल्डर आहे. दोन्ही बाबतींत सामान्य खात्यांना वाचण्याची आणि चालवण्याची परवानगी ठेवावी, लिहिण्याची देऊ नये.

सामायिक फोल्डरातील प्लगइन मला दिसते, पण इतरांना 'ॲक्सेस डिनाइड' येते. फोल्डराच्या परवानग्या तर बरोबर आहेत.

फोल्डराच्या बरोबर असतील, पण फाइलच्या तपासल्या का? फाइल कॉपी केली तर तिला नव्या फोल्डराच्या परवानग्या मिळतात. त्याच ड्राइव्हवर कट करून हलवली तर ती जुन्या जागेच्या परवानग्या सोबत घेऊन येऊ शकते. ॲडमिनिस्ट्रेटरच्या डाउनलोड्समधून कट करून आणलेली फाइल त्यामुळे नव्या जागीही फक्त ॲडमिनिस्ट्रेटरचीच राहू शकते.

फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज → सिक्युरिटी → ॲडव्हान्स्ड येथे जावे. इफेक्टिव्ह ॲक्सेस या भागात एखाद्या खात्याचे नाव दिल्यास त्या खात्याला प्रत्यक्षात काय करता येते ते दिसते. दुरुस्तीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ती फाइल तेथून काढून मूळ झिपमधून नव्याने त्या फोल्डरात कॉपी करणे. फाइली खूप असतील, तर वरच्या फोल्डराच्या ॲडव्हान्स्ड चौकटीतून आतील सर्व वस्तूंच्या परवानग्या त्या फोल्डराप्रमाणे करण्याचा पर्याय निवडावा.

'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. तो योग्य आहे का?

नाही. प्रोग्राम फाइल्समधील प्लगइनच्या फोल्डरावर हा अधिकार दिला, तर यंत्रावरील कोणतेही खाते तेथील फाइल बदलू शकते आणि ती बदललेली फाइल पुढे ॲडमिनिस्ट्रेटरने सॉफ्टवेअर उघडल्यावर त्याच्या अधिकारांनी चालते. एका विद्यार्थ्याच्या पेनड्राइव्हमधून आलेला व्हायरस सगळ्या प्रयोगशाळेत पसरायला एवढे पुरेसे आहे. शिवाय नेमके काय अडले होते ते यातून कळत नाही, त्यामुळे पुढच्या यंत्रावर तीच अडचण पुन्हा येते.

इंटरनेटवरून उतरवलेले प्लगइन विंडोज अडवते. काय करावे?

उतरवलेल्या फाइलवर विंडोज 'ही बाहेरून आली आहे' अशी खूण ठेवते आणि विंडोजच्या सोयीने झिप उघडल्यास ती खूण आतील प्रत्येक फाइलवर उतरते. प्लगइनच्या स्रोताबद्दल खात्री असेल, तर झिप उघडण्याआधी तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'वर खूण करावी. विंडोज सिक्युरिटीमध्ये कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस चालू असेल, तर डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्ससारख्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला लिहिता येत नाही. त्या वेळी संरक्षण बंद न करता फक्त तेवढ्या प्रोग्रामला परवानगी द्यावी.

माझ्या विंडोज खात्याचे नाव देवनागरीत आहे. त्याने प्लगइनला अडचण येऊ शकते का?

येऊ शकते, आणि मराठी वापरकर्त्यांनी हे अवश्य लक्षात ठेवावे. स्थानिक खाते देवनागरी नावाने तयार केले की यूजर्समधील फोल्डरही त्याच नावाचा होतो. आजचे विंडोज, गिम्प किंवा क्यूजीआयएस यांना त्याचे वावडे नाही. पण जुनी प्लगइन युनिकोडपूर्व पद्धतीने मार्ग वाचतात, त्या पद्धतीत देवनागरीसाठी विंडोजकडे कोडपेज (अक्षरांच्या संकेतांची जुनी सारणी) नाही आणि अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे येऊन 'फाइल सापडत नाही' असा संदेश मिळतो.

कंट्रोल पॅनेलमधून खात्याचे नाव बदलले तरी फोल्डराचे नाव बदलत नाही. यूजर्समधील फोल्डराचे नाव हाताने बदलण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये, कारण त्याने खातेच उघडेनासे होऊ शकते. गिम्पमध्ये प्रेफरन्सेसमधून डी ड्राइव्हवरील साध्या रोमन नावाचा फोल्डर प्लग-इन्सच्या यादीत जोडावा. तशी सोय नसलेल्या सॉफ्टवेअरसाठी रोमन नावाचे नवे खाते काढावे. त्याचे दर्शनी नाव नंतर खुशाल मराठीत ठेवता येते.

लिनक्सवर आणि मॅकवर काय वेगळे पाहावे?

लिनक्सवर गिम्पचे प्लगइन चालवण्याजोगे असावे लागते, म्हणजे सीएचमॉड आज्ञेने फाइलला एक्झिक्यूटची परवानगी द्यावी लागते. ती नसेल तर गिम्प ते प्लगइन घेत नाही. दुसरी नेहमीची अडचण सुडो, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारांनी काम करवणारी आज्ञा, वापरल्याने येते. सुडो लावून स्वतःच्या होम फोल्डरात फाइली टाकल्या की त्यांची मालकी रूटकडे जाते आणि पुढे आपलेच सॉफ्टवेअर त्या बदलू शकत नाही. सीएचओन आज्ञेने मालकी परत घ्यावी आणि होम फोल्डरात सुडो वापरणे टाळावे. फ्लॅटपॅक किंवा स्नॅप या सॉफ्टवेअर देण्याच्या पद्धतींतून घेतलेले गिम्प नेहमीच्या कॉन्फिग फोल्डराऐवजी आपल्या वेगळ्या बंदिस्त फोल्डरात सेटिंग ठेवू शकते, म्हणून मार्ग प्रेफरन्सेसमध्येच पाहावा.

मॅकवर वैयक्तिक लायब्ररी फोल्डर लपवलेला असतो. फाइंडरमध्ये ऑप्शन बटण दाबून गो मेनू उघडला की तो दिसतो. संपूर्ण यंत्राचा लायब्ररी फोल्डर वेगळा आहे आणि त्यात लिहिण्यास ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड लागतो. नावे सारखीच असल्याने फाइल भलत्याच लायब्ररीत जाते, हे वारंवार घडते. उतरवलेले प्लगइन मॅकने अडवले असेल, तर सिस्टिम सेटिंग्जमधील प्रायव्हसी अँड सिक्युरिटी येथे ते उघडू देण्याचा पर्याय येतो.

हे सगळे तपासूनही कारण सापडत नसेल तर?

विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातील प्रोसेस मॉनिटर हे मोफत साधन वापरावे. ते चालवण्यास ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी लागते. फिल्टरमध्ये फक्त आपल्या सॉफ्टवेअरचे नाव द्यावे, नंतर सॉफ्टवेअर सुरू करावे आणि निकालाच्या रकान्यात प्लगइनच्या नावाच्या ओळी पाहाव्यात. 'ॲक्सेस डिनाइड' असेल तर अडचण परवानगीची आहे आणि त्याच ओळीत नेमकी फाइल व मार्ग लिहिलेला असतो. 'पाथ नॉट फाउंड' किंवा 'नेम नॉट फाउंड' असेल तर सॉफ्टवेअर भलत्याच जागी शोधत आहे, मात्र अशा काही ओळी सुरळीत चालणाऱ्या यंत्रावरही येतात, म्हणून त्यांतील प्लगइनशी संबंधित तेवढ्याच विचारात घ्याव्यात. प्लगइनचे नाव कोठेच येत नसेल, तर सॉफ्टवेअरने त्या फोल्डरात पाहिलेच नाही.

मदत मागताना या ओळींचे चित्र, सॉफ्टवेअरची आणि प्लगइनची आवृत्ती, दोन्ही ३२-बिट आहेत की ६४-बिट, सॉफ्टवेअर कोठून इन्स्टॉल केले आणि कोणत्या खात्यावरून चालवले, एवढी माहिती द्यावी. विंडोज संदेशातील इंग्रजी वाक्य जसेच्या तसे पाठवावे, कारण प्लगइन लिहिणारा त्याच शब्दांवरून चूक शोधतो.